हॉलमधल्या काचपेटीसाठी चपळ साप निवडताना: खानदेशातल्या घरांसाठी, पायरीपायरीने

फोन बहुतेक वेळा साप घरी येऊन महिना झाल्यावर येतो. “दिवसभर वेटोळं करून पडलेला असतो, पाहुण्यांना दाखवायलाही बाहेर येत नाही,” अशी एकाची तक्रार असते. दुसरा कौतुकाने सांगतो, “सारखा काचेवर नाक घासत फिरतो, इतका ॲक्टिव्ह आहे!” पहिल्या घरात साप ठणठणीत असतो, जात चुकलेली असते. दुसऱ्या घरात साप त्रासात असतो आणि कुणाला पत्ता नसतो. दोघांनीही आधी साप घेतलेला असतो, मग पेटी, मग जागा, आणि उन्हाळ्याचा विचार थेट एप्रिलमध्ये. हा क्रम पूर्ण उलटा करायचा आहे. साप सगळ्यात शेवटी.

आणखी एक. सापांविषयीचे परदेशी व्हिडिओ पेटी गरम कशी ठेवायची ते शिकवतात. जळगाव-भुसावळकडे पेटी थंड कशी राहील हा खरा प्रश्न आहे.

## १. आधी मे महिन्याचा आकडा काढा

कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आणा. हॉलमध्ये पेटी जिथे ठेवायची तिथे, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर तो ठेवा. भिंतीला टांगू नका, नाहीतर भिंतीचंच तापमान मोजलं जाईल. १५ एप्रिल ते ३१ मे रोजचे दोन्ही आकडे वहीत लिहा. त्या दिवशी वीज किती तास गेली, कूलर चालू होता का, तेही शेजारी लिहा.

आपल्याकडे पाळले जाणारे बहुतेक कॉर्न स्नेक, किंग स्नेक (दोन्ही अमेरिकेतले बिनविषारी साप) यांना पेटीची एक बाजू २२ ते २६ अंशांची लागते आणि दुसऱ्या टोकाला २९ ते ३१ अंशांचा एक उबदार कोपरा. थंड बाजूच बत्तिशीच्या वर राहिली तर सापाला जायला जागा उरत नाही. पस्तिशीच्या पुढे काही तासांतच जिवावर बेतू शकतं. बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो तेव्हा पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते, आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब त्याहून उशिरापर्यंत. जुनी धाब्याची घरं या बाबतीत सरस. माझ्या मामांच्या माजघरात भर मे महिन्यातही दुपारी घोंगडी आठवते, पण तिथे टीव्ही नाही म्हणून पेटीही कुणाला नको असते.

कूलरवर फार भिस्त ठेवू नका. मेच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, मृगाचा पाऊस पडला की नुसती दमट हवा फेकतो. त्याचा झोत थेट पेटीवर कधीच नको.

इथे थांबून बघा: कूलर लावूनही पाच-सहा दिवस दुपारचा आकडा ३२ च्या वर गेला, आणि हॉलमध्ये एसी नाही, किंवा एसी आहे पण वीज गेल्यावर त्याला आधार नाही, तर पुढच्या पायऱ्या वाचू नका. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही हे बहुतेकांना वीज गेल्यावरच कळतं.

## २. कायदा: शेतातला साप नको, परदेशी साप कागदांशिवाय नको

धामण चपळ असते, दिवसा फिरते आणि लांबीला सहा-सात फूट भरते. हरणटोळ तर काचेत ठेवण्यासाठीच जन्मला आहे असं वाटावं इतका देखणा. तरीही दोन्ही बाद. धामण, हरणटोळ, दिवड, कवड्या, मांडूळ हे सगळे आपले रानटी साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. ते पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. ‘सर्पमित्राने दिला’ ही सबब चालत नाही, कारण सर्पमित्रालाही तो सोडून द्यायचाच असतो. मांडूळ विकत देतो म्हणणारा माणूस भेटला तर तुमचे पैसे आणि अब्रू दोन्ही जाणार हे धरून चाला.

परदेशी जातींचं गणित वेगळं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर सायटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) कराराच्या यादीतल्या जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. सगळे पायथन आणि सगळे बोआ त्या यादीत आहेत. असा प्राणी ताब्यात असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढे तो कुणाला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवायचं असतं. कॉर्न स्नेक, किंग स्नेक, गार्टर स्नेक हे सायटीसच्या यादीत नाहीत. पण परदेशातून प्राणी आणायला मुळात परवानगी लागतेच, म्हणून विक्रेत्याकडून दोन कागद घ्या: पिल्लू भारतातच, पाळलेल्या जोडीपासून जन्मल्याचं लेखी आणि पक्कं बिल. याद्या बदलतात. घेण्याच्या आठवड्यात उपवनसंरक्षक कार्यालयात अर्ज देऊन विचारा आणि पोच जपून ठेवा.

सावध: “कागद नंतर कुरिअर करतो” म्हणणाऱ्याकडून साप घेऊ नका. नंतर कागदही येत नाहीत आणि त्याचा फोनही लागत नाही.

## ३. हॉलची वेळ ठरवा, मग जात

‘ॲक्टिव्ह’ म्हणजे काय हे सापावरून ठरवू नका, घरावरून ठरवा. हॉलमध्ये माणसं केव्हा बसतात? दुकानदाराच्या घरी रात्री साडेनऊनंतर. शिक्षकाच्या घरी दुपारी चारपासून. आजी-आजोबा असतील तर दिवसभर. साप त्या वेळी जागा असला पाहिजे.

बॉल पायथन सगळ्यात सहज मिळतो, म्हणून सगळ्यात जास्त फसवतो. तो दबा धरून बसणारा, रात्रीचा प्राणी. दिवसेंदिवस एका जागी राहणं हाच त्याचा स्वभाव आहे. वर सायटीसची नोंदणी. हॉलमध्ये मांडायला तो नकोच.

गार्टर स्नेक खरा दिवसाचा साप. हालचाल बघायची तर याच्यासारखा दुसरा नाही. पण त्याची विष्ठा पातळ आणि वारंवार, वास भरपूर. तो मासे-गांडुळं खातो, आणि काही माशांमध्ये, गोल्डफिश त्यातलाच, थायामिन (ब१ जीवनसत्त्व) नष्ट करणारा घटक असतो. नुसते तसलेच मासे दिले तर सापाला झटके येऊ लागतात. शिवाय त्याला गारवा जास्त लागतो. खानदेशात मी तो सुचवणार नाही.

हॉगनोज लहान आणि दिवसा जागा असतो, पण बराच वेळ मातीत डोकं खुपसून. वरचं नाक फिरताना दिसेल, साप दिसेलच असं नाही. त्याला सौम्य विष असतं, लहान मुलांच्या घरात त्याची गरज नाही.

राहिले दोघे. कॅलिफोर्निया किंग स्नेक अडीच ते चार फुटांचा, सतत काहीतरी हुंगत फिरणारा, दिवसा-संध्याकाळीही दिसणारा. कॉर्न स्नेक तीन ते पाच फुटांचा, दिवेलागणीला उठणारा, फांद्यांवर चढणारा, हाताळायला शांत. नुसती हालचाल बघितली तर किंग जिंकतो. तरी मी कॉर्न घ्या म्हणतो, आणि कारण आपल्या उंबऱ्याशी आहे.

दोन वर्षांपूर्वी जुलैत रात्री अकराला वीज गेली होती. मोबाइलचा उजेड चपलांच्या रॅककडे गेला आणि खालून शेपटी सरकली. पहिला विचार हाच, की आपला सुटला. हात पुढे गेलाही होता. मग पेटीकडे उजेड टाकला. आमचा तांबडा-केशरी कॉर्न स्नेक फांदीवर नेहमीसारखा लोंबत होता. रॅकखाली काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे होते. मण्यार. पेटीत काळा-पांढरा किंग स्नेक असता आणि त्याच रात्री पेटीचं दार उघडं राहिलं असतं, तर मी तो हात मागे घेतला असता असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही.

म्हणून खानदेशापुरता माझा नियम असा: आपल्याकडच्या विषारी सापाशी दुरूनही साम्य असलेला रंग घरात आणायचा नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा किंग बाद. मूळ रंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा कॉर्नही शेजाऱ्याला घोणस वाटू शकतो आणि तो आधी काठी उचलतो. लाल-केशरी-पांढरा, लाल डोळ्यांचा कॉर्न घ्या. असा साप आपल्या रानात नाही. फक्त त्याच्या डोळ्यांना प्रखर उजेड सहन होत नाही, पेटीतला दिवा मंद ठेवा.

## ४. पेटी आणि जागा

पूर्ण वाढलेल्या कॉर्नला चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच पेटी लागते. दार समोरून उघडणारं. वरून हात खाली आला की सापाला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं, तो दचकतो आणि माणसाला वाटतं साप तापट आहे.

गावातला सुतार अशी पेटी उत्तम करतो. त्याला तीन गोष्टी आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही:

- प्लायला वाळवीचं औषध मारायचं नाही. सुतार ते सवयीने मारतात आणि आपण विचारलं नाही तर सांगतही नाहीत. माझी पहिली पेटी याच पायी अडगळीत गेली. आज तिच्यात जुनी मासिकं आहेत.
- सांध्यांना सिलिकॉन लावल्यावर पेटी आठवडाभर उघडी राहील. वास पूर्ण गेला पाहिजे.
- हवेसाठी दोन समोरासमोरच्या बाजूंना बारीक जाळी, एक खाली, एक वर.

सरकत्या काचा करणार असाल तर दोन काचांमधली फट हीच पळवाट. पेन्सिल आत जाते का बघा. पेन्सिल गेली तर पिल्लू जाणार. काचेला शोकेसला लावतात तसलं कुलूप लावा आणि किल्ली पेटीवर ठेवू नका.

तीन बाजू आतून झाकलेल्या, फक्त समोर काच. चारही बाजूंनी काच असली की साप सतत उघड्यावर असतो, मग तो लपूनच राहतो. बऱ्याच जणांना हे पटत नाही. साप दिसावा म्हणून ते आतलं सामान काढून टाकतात आणि साप आणखी दिसेनासा होतो. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा द्या, मध्ये फांद्या, झावळ्या, मनी प्लँट यांची दाटी करा. आडोसा जवळ असला तरच साप बिनधास्त फिरतो. पेरूची जाड फांदी चांगली: घासून धुवा आणि तीन दिवस उन्हात वाळवा. मेचं ऊन यासाठी तरी कामाला येतं. तळाला नारळाचा भुसा. चीड किंवा देवदाराचा भुसा नको, त्याचा वास श्वासाला बाधतो.

जागेचं थोडक्यात: पश्चिमेची भिंत नको, खिडकीसमोर नको, टीव्हीच्या स्पीकरला चिकटून नको, देवघराच्या शेजारी नको. धूप, डासांची कॉइल, प्लगवरचं लिक्विड आणि झुरळांचा फवारा यांपैकी काहीही त्या खोलीत वापरणार असाल तर आधी ते बंद करण्यावर घरात एकमत करून घ्या.

## ५. खाण्याची सोय: इथेच निम्मे लोक मागे फिरतात

कॉर्न स्नेक उंदीर खातो. पनीर, अंडं, कोंबडीचा तुकडा यांवर तो जगत नाही. दूध तर साप पीतच नाही, नागपंचमीला शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या तर नमस्कार करून परत पाठवा.

पिल्लाला पाच-सात दिवसांनी, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी एक उंदीर. जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकी. तो गोठवलेला आणायचा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू सुटू द्यायचा आणि शेवटी पिशवीत बंद करून कोमट पाण्यात गरम करायचा. मायक्रोवेव्हमध्ये नाही. जिवंत उंदीर सापाला चावतो, त्या जखमा चिघळतात.

आता घरचा प्रश्न. शाकाहारी घरात, किंवा घरमालक खालीच राहत असेल तर, फ्रीजरमध्ये उंदीर हा विषय साप घेण्याआधी निघाला पाहिजे. वेगळा छोटा डीप फ्रीजर परवडत असेल तर सगळ्यात बरं. वीज चार-पाच तास गेली की साठा बघा. मऊ पडलेला उंदीर पुन्हा गोठवून वापरू नका, फेकून द्या.

सावध: गोदामातला, शेतातला किंवा पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कधीही देऊ नका. त्याने कुठे विषाची गोळी खाल्ली आहे हे तुम्हाला कळणार नाही. ते विष सापाच्या पोटात जातं.

## ६. रिकामी पेटी पंधरा दिवस चालवा

पेटी तयार, साप नाही. हीच पायरी सगळे गाळतात.

उबेसाठी सिरॅमिक हीटर किंवा हीट मॅट, पण थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारं यंत्र) एक दिवसही नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर साप जिथे टेकणार तिथे बांधा, हवेत लोंबता सोडू नका. हीटरला जाळीचं आवरण घाला, साप त्याला वेटोळं घालून भाजून घेतो. तापणारे दगड विकत मिळतात, ते घेऊ नका. एप्रिलमध्ये हीटर काढूनच ठेवा, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो लागेल. थंडीच्या लाटेत आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो.

दोन्ही टोकांचं तापमान सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहाला लिहा. दमटपणा ४० ते ६० टक्के. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून तीन तासांत किती फरक पडतो तेही बघा. उन्हाळ्यासाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या गोठवलेल्या ठेवा. वीज गेली की फडक्यात गुंडाळून दोन थंड टोकाला लावायच्या, दोन राखीव. घरात सगळ्यांना हे एकदा करून दाखवा, कारण तुम्ही त्या वेळी कामावर असाल.

तपासा: पंधरा दिवसांत थंड टोक एकदाही २८ च्या वर आणि रात्री कुठलंही टोक २० च्या खाली गेलं नाही, तरच पुढे.

## ७. साप बघायला जा

वेळ दिवाळीनंतरची. मे यायच्या आत सापाला स्थिरावायला पाच महिने मिळतात. मार्च ते जून कुरिअरने साप मागवणं म्हणजे तो भट्टीतून मागवणं.

विक्रेत्याला दोन गोष्टी आधी सांगा: समोर खाताना बघायचा आहे, आणि खाण्याची वही बघायची आहे. किमान चार-पाच वेळा सलग खाल्लेलं पिल्लू घ्या. मग हातात घेऊन बघा. अंग गोलसर भरलेलं हवं, पाठीचं हाड वर आलेलं नको. डोळे स्वच्छ (दुधी-निळसर असतील तर कात टाकायची वेळ आहे, आठवड्याने परत या). तोंडाभोवती फेस किंवा बुडबुडे नकोत, श्वासाला शिट्टीसारखा आवाज नको. शेपटीच्या मुळाशी गुदद्वार स्वच्छ हवं. पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके दिसले तर ते गोचिडीसारखे किडे आहेत, त्या दुकानातून काहीच घेऊ नका. निरोगी साप जीभ सतत बाहेर काढतो आणि बोटांना अंगाने धरून ठेवतो. ओल्या दोरीसारखा लोंबणारा ‘फार शांत’ साप आजारी असतो.

जाण्याआधी एक फोन गावातल्या पशुवैद्यकाला करा: “साप तपासता का?” उत्तर नाही असेल तर नाशिक किंवा पुण्यात कोण तपासतं ते शोधून ठेवा.

## ८. आणणं आणि पहिले दोन आठवडे

कापडी पिशवीत साप, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात, डबा स्वतःच्या गाडीत, प्रवास पहाटे. चहाला थांबलात तर एकजण गाडीत बसून राहील. बंद गाडी दहा मिनिटांत तापते.

घरी आल्यावर पहिला आठवडा हात लावायचा नाही. समोरच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवा. गल्लीत बातमी पसरलेलीच असते, “काय भो, घरमा साप पाळेल शे म्हने!” करत माणसं येणारच. त्यांना पंधरा दिवसांनी बोलवा. सातव्या-आठव्या दिवशी पहिलं खाणं द्या, त्यानंतर ४८ तास पुन्हा हात नाही. हाताळलं की घास उलटू शकतो. पाणी बदलल्यावर, पेटी पुसल्यावर साबणाने हात धुवा. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून पेटीतलं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप द्यायचा नाही.

आता ती काचेवर नाक घासण्याची गोष्ट. फांदीवर चढणं, थांबून जीभ काढणं, बिळात जाऊन दुसरीकडून निघणं ही निरोगी हालचाल. एकाच काचेवर एकाच रेषेत तासन्‌तास येरझाऱ्या घालणं हा त्रास. अशा वेळी तापमान बघा, मग आडोसा, मग शेवटचं खाणं कधी झालं ते. बहुतेक वेळा पहिल्याच कारणाशी शोध संपतो.

## ९. सुटला तर

आधी पेटीत उजेड टाकून खात्री करा की खरंच सुटला आहे. घरात दिसलेला साप आपलाच आहे असं समजून हात घालायचा नाही, रंग पटला तरीही आधी पूर्ण अंग दिसू द्या. जरा शंका आली तर दार लावून घ्या, फटीत ओला टॉवेल कोंबा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आपलाच असेल तर थंडीत फ्रीजच्या मागे आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ शोधा, उन्हाळ्यात मोरीत आणि माठाखाली. सापडला नाही तर रात्री प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर आणि भिंतीकडेने कळण्याच्या पिठाचा पातळ पट्टा ओढून दिवे बंद करा. सकाळी पिठात नागमोडी रेघ उठलेली असते, आणि ती कुठल्या खोलीत गेली तेही दिसतं.